सुट्टीतील प्रवास आणि आपली लहान मुले

(दिवाळीच्या सुट्टीपूर्वी कौंडण्यपूर येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या बैठकीत केलेले भाषण)



रुक्मिणीमातेच्या या माहेरी आज आपण जमलो आहोत. थोड्याच दिवसांत शाळांना सुट्टी लागेल, मुले मामाच्या गावी जातील आणि कार्तिकी पौर्णिमेस येथे वर्धेच्या काठी यात्रा भरेल. आईबापांचे बोट धरून आपल्या पहिली-दुसरीतील कितीतरी मुले या यात्रेस येतील. त्या वेळी आपण त्यांच्याबरोबर नसू; परंतु आपण दिलेले शिक्षण त्यांच्याबरोबर असावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी याच यात्रेत सहा-सात वर्षांचा एक मुलगा रडत उभा असलेला मला आढळला. मी विचारले, "बापू, तुह्यं नाव काय?" तो म्हणाला, "बाल्या." "बाबाचं नाव?" "बाबा." "गाव कोनतं?" "आमचंच." त्याचे रडू थांबावे म्हणून मी पाढा म्हणावयास सांगितला, तो त्याने न अडखळता म्हणून दाखविला. अर्ध्या तासाने आई धावत आली व माय-लेकरांची भेट झाली. पाढे येणाऱ्या मुलास वडिलांचे नाव सांगता येऊ नये, हा दोष त्याचा नव्हे. तो माझ्यासारख्या शिक्षकांचा होय.

यावर उपाय सोपा आहे. सुट्टी लागेपर्यंत रोज हजेरी घेताना मुलाने 'हजर' असे न म्हणता आपले पूर्ण नाव, गाव, तालुका आणि घरचा मोबाइल क्रमांक सांगावा. दहा आकडे दोन-दोन करून तालावर म्हणविले, तर पहिलीच्या मुलासही ते पाठ होतात. ज्यास होणार नाहीत, त्याच्या खिशात ठेवावयाची चिठ्ठी आपण लिहून द्यावी.

चुकामूक झाल्यास काय करावे, हे शाळेच्या अंगणात खेळ म्हणून करवून घ्यावे. हात सुटला तेथेच थांबावे, धावत सुटू नये. आईबापांस त्यांच्या नावाने हाक मारावी. कारण गर्दीत 'आई' म्हटले की अनेक आया वळून पाहतात. मदत मागावयाची ती पोलिसाजवळ, दुकानदाराजवळ किंवा लेकरू घेऊन आलेल्या बाईजवळ. ११२ आणि १०९८ हे मदतीचे क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावेत.

प्रवासाविषयी पालकसभेत बोलावे. आजकाल बहुतेक कुटुंबे मोटारसायकलवर निघतात. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलास हेल्मेट व चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा असावा आणि वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक नसावा, असा केंद्र शासनाचा २०२२ चा नियम आहे. तो पालकांस समजावून सांगावा. एस.टी.त पाच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाही, म्हणून त्यास दाराजवळ उभे करू नये. ज्यास गाडी लागते, त्यास पुढील भागात बसवावे, हलके खाऊ घालून न्यावे व दूरवर पाहावयास सांगावे. पाणी घरूनच घ्यावे. जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडेथोडे पाजत राहावे आणि दवाखाना गाठावा.

आता नदीविषयी. वर्धेचे पात्र वरून शांत दिसते. परंतु वरच्या बाजूस मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा धरण आहे आणि त्याचे दरवाजे उघडले म्हणजे पाणी चढते. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंज येथे याच नदीत नाव उलटून अकरा माणसे बुडाली. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटली. बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. म्हणून आपला नियम असा असावा: जाकिटावाचून मुलाने नावेत पाऊल ठेवू नये, भरलेल्या नावेत तर मुळीच चढू नये, आणि स्नानाच्या वेळी एका मोठ्या माणसाने, स्वतः स्नान न करता, मुलाच्या हाताच्या अंतरावर उभे राहावे.

मुलांस भीती घालण्याचा मात्र माझा हेतू नाही. अंबिकेचे देऊळ, रुक्मिणीहरणाची कथा, टेकाडाच्या उत्खननात मिळालेल्या प्राचीन वस्तीच्या खुणा, हे सारे त्यांस आधी सांगावे. काय पाहावयाचे हे ज्यास ठाऊक असते, ते मूल भटकत नाही. ते आईबापांस ओढून नेऊन दाखविते.

बंधुभगिनींनो, सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी आपण हजेरीपट उघडाल. पटावरील प्रत्येक नावास उत्तर मिळावे, यासाठी आजपासून रोज दहा मिनिटे द्यावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.