सोळा पायऱ्या आणि एक ‘मोरया’

(चिंचवड येथील एका वासंतिक व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



पवनेच्या काठी, मोरया गोसावींच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर बोलायला मिळावे, हे मी माझे भाग्य समजतो. गणपतीच्या जयघोषातला ‘मोरया’ हा शब्द याच सत्पुरुषाच्या नावावरून आला, अशी आपली श्रद्धा आहे. तो शब्द आपण मुंबईत ऐकतो, पुण्यात ऐकतो, त्याचे आपल्याला नवल वाटत नाही. परंतु हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेला, आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याहूनही लहान अशा एका बेटावर हजारो माणसे भाद्रपद चतुर्थीनंतर हाच घोष करीत मूर्ती पाण्याकडे नेतात. त्यांच्यापैकी अनेकांना मराठीत चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत. पण ‘मोरया’ म्हणताना त्यांची जीभ अडखळत नाही. त्या बेटाचे नाव मॉरिशस. आजचा माझा विषय ही माणसे आहेत.

राजे बदलले, ऊस राहिला

या बेटाला मूळचे रहिवासी नव्हते. अरब दर्यावर्दींना ते ठाऊक होते, पोर्तुगीज तिथे येऊन गेले. १५९८ मध्ये डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या नावावरून त्याचे नामकरण केले. १७१० मध्ये डच निघून गेले. न उडणारा डोडो पक्षी त्यांच्याच काळात नामशेष झाला. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला. आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून त्यांनी शेती उभी केली, बंदर बांधले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. मात्र फ्रेंच मळेवाले, त्यांची भाषा, त्यांचे कायदे आणि त्यांचा धर्म तसाच ठेवला. म्हणून आजही तिथे कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रांत प्रामुख्याने फ्रेंच आणि रस्त्यावर क्रियोल चालते.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाला हात तर हवे होते! इंग्रजांची नजर हिंदुस्थानकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात दाखल झाले होते. त्यानंतरच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय तिथे उतरले. काही परतले, बहुतेक तिथेच राहिले. बंदरावर उतरले की दगडी पायऱ्या चढून वर जायचे, नोंद करायची आणि मळ्यावर रवाना व्हायचे. त्या सोळा पायऱ्या आजही आहेत. पूर्वी त्या जागेला ‘कुली घाट’ म्हणत, आता ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. २००६ मध्ये युनेस्कोने त्या स्थळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

करार पाच वर्षांचा असे. सुरुवातीच्या काळात पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा मिळे. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचे वेतन कापले जाई. कराराबाहेर पडलेल्या मजुरालाही, विशेषतः १८६७ च्या कायद्यानंतर, छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगल्याशिवाय हिंडता येत नसे. तो नसेल तर कोठडी. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये एक अर्ज सादर झाला. त्यावर नऊ हजारांहून अधिक मजुरांची नावे होती. तो अर्ज सिद्ध करण्यासाठी पुढाकार घेतला होता तो आडोल्फ द प्लेव्हिट्झ या गोऱ्या मळेवाल्याने. स्वजातीयांचा रोष पत्करून तो उभा राहिला, तेव्हा कुठे चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. अन्याय करणारे सगळे एका रंगाचे नसतात आणि त्याविरुद्ध उभे राहणारेही नसतात, हे इतिहास वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

आपली माणसे

या लाखोंच्या लोंढ्यात मराठी माणूस थोडाच होता. बहुतेक लोक कलकत्त्याच्या वाटेने, म्हणजे बिहार आणि संयुक्त प्रांतातून गेले. त्याखालोखाल मद्रासहून तमिळ आणि तेलुगू गेले. मुंबई बंदरातून गेले ते मुख्यत्वे कोकणातले आणि काही घाटावरचे. आजच्या मॉरिशसच्या साडेबारा लाखांच्या लोकसंख्येत मराठी वंशाची माणसे दोन टक्क्यांच्या आसपास असावीत.

या माणसांच्या आडनावांकडे पाहा. तिथे शिंदे, कदम, सावंत फारसे भेटत नाहीत. नोंदणीच्या मेजावर कारकुनाने नाव विचारले, समोरच्या माणसाने स्वतःचे नाव सांगितले, कारकुनाने ते कानाला जसे वाटले तसे लिहिले. पुढच्या पिढ्यांत तेच पाळण्यातले नाव आडनाव होऊन बसले. गाव गेले, कुळाचे नावही गेले. मात्र त्या नोंदवह्या राहिल्या. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या जतन केल्या आहेत. कित्येकांची छायाचित्रेही आहेत. आज पाचव्या-सहाव्या पिढीतली मुले तिथे जाऊन आपल्या खापरपणजोबांचे नाव, जहाज आणि मूळ गाव शोधतात.

मग राहिले काय? राहिला गणपती. मॉरिशसमध्ये गणेशोत्सवाचा आरंभ १८९६ मध्ये हेन्रिएटा या गावी एका मराठी कुटुंबाने केला, असे सांगतात. लोकमान्यांनी पुण्यात उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी. परंतु मला यात एक वेगळीच गोष्ट दिसते. ही मंडळी त्याच्या कितीतरी आधी कोकण सोडून गेली होती. त्यांनी सोबत नेला तो मंडपातला गणपती नव्हता. तो कोकणातल्या घराच्या माजघरातला गणपती होता. म्हणून तिथे उत्सवाचा कणा आजही कुटुंब आहे. आज गणेश चतुर्थी ही तिथली राष्ट्रीय सुटी आहे.

आणि राहिली ‘झाकरी’. गणपतीपुढे फेर धरून, ताल धरून म्हटल्या जाणाऱ्या गीतनृत्याला मॉरिशसमधले मराठी लोक झाकरी म्हणतात. रत्नागिरीकडचे कुणी सभागृहात असतील तर त्यांनी ओळखलेच असेल, ही आपली जाखडी, बाल्या नाच! गाणाऱ्याला कित्येक शब्दांचा अर्थ उलगडत नाही, पण चाल चुकत नाही. कास्कावेलसारख्या उसाच्या पट्ट्यातल्या गावी विठ्ठल-रखुमाई कमरेवर हात ठेवून उभे आहेत. २०२३ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला.

एक बेट, अनेक घरे

मॉरिशसचे वैशिष्ट्य हे की तिथे ‘भारतीय’ नावाचा एकच गोळा नाही. मराठी, तमिळ, तेलुगू, भोजपुरी अशी प्रत्येकाने आपली ओळख जपली आहे. महाशिवरात्रीला लाखो भाविक पायी गंगा तलावाकडे जातात. १९७२ मध्ये गंगेचे पाणी या तलावात अर्पण करण्यात आले. तमिळांचा थैपूसम कावडी, तेलुगूंचा उगादी, मुसलमानांची ईद, चिन्यांचे नववर्ष, ख्रिस्ती बांधवांचा नाताळ, या सर्वांना सरकारी सुट्या आहेत. पेर लावाल या फ्रेंच धर्मगुरूच्या समाधीवर सप्टेंबरमध्ये हिंदूही मेणबत्ती लावून येतात. आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचे ‘सेगा’ हे गीतनृत्य आणि भोजपुरी स्त्रियांची ‘गीत-गवई’ अशा दोन्ही परंपरा युनेस्कोच्या यादीत आहेत. मॉर्नचा तो सुळका, जिथे पळून आलेल्या गुलामांनी आश्रय घेतला होता, तोही २००८ मध्ये जागतिक वारसा ठरला. गुलामगिरी संपल्याचा दिवस आणि मजूर उतरल्याचा दिवस, दोन्ही राष्ट्रीय सुट्या आहेत. दुसऱ्याचे दुःख आपल्या पंचांगात लिहायला मोठे मन लागते.

सारे गोडच आहे, असे मी म्हणणार नाही. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९६८ मध्ये, तिथे दंगल झाली. १९९९ मध्ये काया नावाच्या लोकप्रिय गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला, तेव्हाही बेट पेटले होते. सलोखा हा रोज राखावा लागतो.

या समाजाने स्वतःला कसे उभे केले, हेही पाहण्याजोगे आहे. गावोगावी ‘बैठका’ असत. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे संध्याकाळी तिथे जमत, रामायण ऐकत, मुले अक्षरे गिरवीत. १९४७ च्या सुधारणांनी बेटावरच्या भाषांपैकी एखादीत साधे वाक्य लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार मिळू लागला. वासुदेव विष्णुदयाल आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी या बैठकांमधून माणसांना लिहायला शिकवले. १९४८ च्या निवडणुकीत मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या पुढे गेली. त्याच वाटेने १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. रामायणाची पोथी आणि मतपत्रिका एकाच चटईवर शिकली गेली!

जे हरवले ते

आता थोडे कटू बोलतो. मॉरिशसच्या मराठी घरातून मराठी भाषा जवळजवळ गेली आहे. मळ्यावर क्रियोल, गावात भोजपुरी, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच. त्यात मूठभर मराठी घरे कितीशी तग धरणार? आज तिथे मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते, महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते, दरवर्षी मराठी नाट्यस्पर्धा होते, नभोवाणीवर मराठी कार्यक्रम लागतात. मराठी मंडळ्यांचा महासंघ आहे. हे सारे प्रयत्नपूर्वक परत मिळवलेले आहे. घरातली भाषा एकदा गेली की ती शिकवणीला लावावी लागते.

आणि त्यांना निदान सबब होती. माझी मुलगी परदेशी असते. दर रविवारी संगणकाच्या पडद्यावर नातू दिसतो. गेल्या गणपतीत मी त्याला आरती म्हणायला सांगितली. तो आईकडे पाहू लागला. तिने इंग्रजीत त्याला काहीतरी समजावले आणि मला म्हणाली, “बाबा, त्याला नका ना अवघडून टाकू.” मी गप्प बसलो. दोष तिचा नव्हता. ती लहान असताना संध्याकाळी सात वाजता मी वृत्तपत्राच्या कचेरीत असायचो. तिला परवचा शिकवायला घरी कोण होते? तिच्या पणजोबांच्या पिढीतला कुणी कोकणी माणूस पाच रुपयांवर ऊस तोडून आल्यावर झाकरी शिकवीत होता. मला चांगला पगार होता, आणि वेळ नव्हता.

इंद्रायणीच्या घाटावर

दुसरी कबुली. नव्वदच्या दशकात मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कामगार वस्त्यांवर एक लेखमाला लिहिली होती. ‘परप्रांतीयांचे लोंढे’ हा शब्द मी त्यात सहज वापरला होता. वाचकांची पसंतीची पत्रेही आली. पुढे मॉरिशसचा अभ्यास करू लागलो आणि सोळा पायऱ्यांचे ते चित्र पाहिले. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल. त्या बंदरावरच्या गोऱ्या कारकुनाच्या लेखी माझीच माणसे लोंढा होती. मघाशी तो शब्द मी मराठी माणसांसाठी मुद्दाम वापरला. तुम्हाला तो खटकला असेल, तर माझा हेतू साध्य झाला.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून ही भूमी कष्टकऱ्यांना बोलावते आहे. आधी मराठवाडा, खानदेश, विदर्भातून माणसे आली. मग बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून. आज चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणारा तरुण एका खोलीत सहा जणांबरोबर राहतो. त्याची भोजपुरी ही तीच भाषा आहे, जी मॉरिशसमध्ये आपल्या मराठी कुटुंबांची शेजारीण होती. कार्तिकात त्याची माणसे इंद्रायणीच्या घाटावर छठपूजेला अर्घ्य देतात. ज्ञानोबा-तुकोबांच्या नदीत बिहारची माउली सूर्याला ओंजळ वाहते, तेव्हा आपण पुलावरून वाहतूक अडली म्हणून चिडायचे, की घाटावर उतरून तिला नमस्कार करायचा? तिच्या मुलाला मराठी शिकवायला आपल्यापैकी कोण जाते? ती शिकवली नाही, तर ‘यांना मराठी येत नाही’ अशी तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो?

म्हणून माझी विनंती लहानशी आहे. आपल्या वसाहतीत, मंदिरात, सोसायटीच्या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ ‘बैठक’ भरवा. आपली मुले तिथे येऊ देत आणि वस्तीतली मुलेही येऊ देत. एक गोष्ट, एक स्तोत्र, चार अक्षरे. फार साधनांची गरज नाही. मॉरिशसमध्ये चटई आणि कंदील एवढ्यावर भागले होते.

मीही सुरुवात केली आहे. रविवारी नातवाला आता आरती म्हणायला लावत नाही. मीच म्हणतो आणि तो ऐकतो. मागच्या रविवारी शेवटी मी ‘गणपती बाप्पा’ म्हणालो आणि थांबलो. क्षणभर पडद्यावर शांतता होती. मग सातासमुद्रापलीकडून बारीक आवाज आला, “मोरया!”