पत्र्याच्या डब्यातला नाताळ

श्रोते हो, डिसेंबर लागला की आमच्या बोईसरच्या बाजारात नाताळची झाडे दिसू लागतात. हिरव्या प्लॅस्टिकची, घडी घालून ठेवता येणारी, आणि सोबत एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या गोळ्यांचे खोके. अर्ध्या तासात झाड सजते आणि छान दिसते. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला आज सांगायचे आहे ते मात्र दुसऱ्या एका झाडाविषयी. त्याच्यावरची एकही वस्तू दुसरीसारखी नाही.

नाताळ हा सण आपल्या किनाऱ्याला नवा नाही. शब्दच मुळी पोर्तुगीज. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये मराठ्यांनी तारापूर आणि वसई जिंकून घेतली. राज्य गेले, पण शब्द मराठीत मुरला तो मुरलाच. झाड मात्र पुष्कळ उशिरा आले. ती प्रथा मूळची जर्मनीची. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभे असल्याचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आले आणि त्यानंतर ही प्रथा झपाट्याने पसरली. झाडावरचे काचेचे गोळे जर्मनीतल्याच लाउशा गावच्या कारागिरांनी काच फुंकून घडवले. आपल्या वसईच्या ख्रिस्ती घरांत मान गोठ्याचा आणि चांदणीच्या कंदिलाचा. थंड मुलखातले सूचिपर्णी झाड इथे मिळणार कुठून? पण चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्याला सुरूची झाडे आहेत. वाऱ्याने पडलेली एखादी फांदी वाळूच्या बादलीत रोवली की झाले नाताळचे झाड!

आमच्या शेजारचे झाड असेच. हे कुटुंब मूळचे वसईकडचे. काका अणुवीज केंद्राच्या बांधकामावर फिटर म्हणून आले आणि तारापूरचेच झाले. १९६९ मध्ये देशातली पहिली अणुवीज इथे तयार झाली, तेव्हा मावशी नव्या नवरीच्या होत्या. त्या वर्षी झाडावर टांगायला घरात काही नव्हते. त्यांनी किनाऱ्यावरचे शिंपले वेचून दोऱ्यात ओवले. ती माळ अजून आहे. केंद्र उभारायला अमेरिकी इंजिनिअर आले होते. त्यांतल्या एकाच्या पत्नीने परत जाताना मावशींना निळ्या काचेचा एक गोळा दिला. त्याचा मुलामा आता एका बाजूने उडाला आहे. मावशी ती बाजू आत करतात.

धाकट्या मुलाचे शाळेत मन रमेना. तो चिंचणीला डायच्या कामाला लागला. आमच्या या पट्ट्यात दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, कोरण्याचा धंदा घरोघरी चालतो. पोलादावर नक्षी कोरायची, मग पातळ पत्र्यावर ठसा उठवून बघायचा. त्याने स्वतः कोरलेल्या पहिल्या डायचा ठसा, पितळेचे एक पान, घरी आणले. मावशींनी त्याला भोक पाडले आणि झाडावर लावले. शाळेचे प्रगतिपुस्तक त्या घरात कुणी जपलेले नाही, ते पान जपले आहे.

एक चांदणी सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाची आहे. ती त्यांच्या मुलीने सातव्या वर्षी केली. पुढच्या पावसाळ्यात ती मुलगी तापाने गेली. ही चांदणी मावशी दरवर्षी भिंतीकडच्या बाजूला लावतात. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दिसत नाही.

आणि एक चांदणी आमच्या घरची आहे. डिसेंबर १९९२. सहा तारखेला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबईत दंगल उसळली. माझा मोठा भाऊ तेव्हा मुंबईला कामाला होता. त्याची काहीच खबर नव्हती. अब्बांना स्टेशनवर जाऊ देण्याची कुणाची हिंमत होत नव्हती. काका म्हणाले, "तुम्ही घरी बसा, मी बघतो." रोज संध्याकाळी ते बोईसर स्टेशनवर जाऊन शटलमधून उतरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघत. आठव्या दिवशी ते भावाला सायकलवर डबलसीट घेऊन आले. अम्मीने बहिणीच्या लग्नातल्या ओढणीची उरलेली जरीची किनार काढली, तिची चांदणी शिवली आणि चोवीस तारखेला मावशींच्या हातात दिली. मावशी जरा संकोचल्या. अम्मी म्हणाली, "घ्या हो, मरियमबीबी आमच्याही आहेत." कुराणात मरियमच्या नावाची एक सूरा आहे. तिच्यात ईसांचा जन्म खजुराच्या झाडाजवळ झाल्याचे सांगितले आहे. झाड काही अम्मीला परके नव्हते.

आता काका नाहीत. अम्मीही नाही. मावशींनी ऐंशी ओलांडली. गेल्या नाताळात कॅनडाहून नात आली होती. डबा उघडून ती सहज म्हणाली, "आजी, हे सगळं जुनं झालंय. नवा सेट आणू या का?" मुलगी गुणी आहे, तिच्या बोलण्यात वावगे काही नव्हते. तिला तो डबा कुणी वाचून दाखवलाच नव्हता. मावशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावले. "तू कविता लिहितोस ना? मग बस इथं. मी सांगते, तू लिही."

एकेका वस्तूसाठी एकेक चिठ्ठी लिहायची होती. मी लिहीत गेलो. जरीच्या चांदणीपाशी माझा हात थांबला. दंगल लिहावी की नाही? मावशींनी सांगितले, "शेजारच्या भाभींनी दिली. १९९२. त्यांचा थोरला सुखरूप घरी आला, त्या वर्षी." कवी म्हणून मला त्यात एक शब्द घालावासा वाटला नाही आणि काढावासाही वाटला नाही.

चंदेरी कागदाच्या चांदणीवर त्यांनी फक्त नाव लिहायला सांगितले. "बाकीचं मी तोंडाने सांगेन," म्हणाल्या. नात शेजारीच उभी होती. हे नाव तिने घरात कधी ऐकले नव्हते. ती खाली बसली आणि म्हणाली, "सांग ना, आजी." मी कागद आवरले आणि उठलो.

श्रोते हो, असा डबा फक्त नाताळचा नसतो. गणपतीच्या मखराचे सामान असते, जुना आकाशकंदील असतो, ईदला शीरखुर्मा वाढायचा कानतुटका वाडगा असतो. वस्तू माळ्यावर टिकतात, पण त्यांची हकीकत सांगणारे माणूस टिकत नाही. आपल्या घरात ते माणूस अजून असेल, तर सणाची वाट बघू नका. डबा खाली काढा, त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, "हे कुणाचं?"