अंदाज देशाचा, पेरणी दिंद्रुडची

२०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावचे शेतकरी दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात गेले आणि त्यांनी थेट हवामान विभागाविरुद्ध तक्रार दिली. पाऊस चांगला सांगितला, त्या भरवशावर पेरलं, मग पावसानं ओढ दिली आणि बियाणं-खत मातीत गेलं, असं त्यांचं म्हणणं. बियाणं आणि कीटकनाशकांच्या कंपन्यांशी संगनमत असल्याचा आरोपही तक्रारीत होता. तो आरोप बाजूला ठेवला, तरी तक्रारीतलं दुखणं खरं आहे आणि बीडमध्ये ते दर उन्हाळ्यात नव्यानं डोकं वर काढतं.

त्या वर्षी विभागानं एप्रिलमध्ये सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता, जूनमध्ये तो आकडा ९८ वर नेला. देशात प्रत्यक्ष पडला ९५ टक्के. चार-पाच टक्क्यांची चूकभूल अंदाजातच धरलेली असते, त्यामुळे विभागाच्या हिशेबानं तो चुकला नाही. आनंदगावच्या हिशेबानं साफ चुकला. मंडळी, दोघांचंही म्हणणं बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या जमिनीबद्दल बोलत होते. एप्रिलमधला तो आकडा अख्ख्या देशाचा आणि जून ते सप्टेंबर या चारही महिन्यांचा मिळून असतो. देशाची त्या काळातली सरासरी ८७ सेंटिमीटर. बीडला वर्षभरात मिळून पडतो साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, कारण सह्याद्री ओलांडताना ढग बहुतेक रिते झालेले असतात. जून कोरडा आणि सप्टेंबर धो धो, असं झालं तरी टक्केवारी छान दिसते. मृगावर पेरलेलं मात्र करपून गेलेलं असतं.

आता उन्हाचं बघू. बीड एकोणिसाव्या अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जमिनीत ओल असेल तर उन्हाची बरीच ताकद ती ओल उडवण्यात खर्च होते. काळ्या रानाला भेगा पडल्या, विहिरींनी तळ गाठला, की सगळं ऊन हवा तापवायच्याच कामी येतं. पावसाळा वाईट गेलेल्या वर्षी पुढचा उन्हाळा जास्त भाजतो, त्याचं हे एक कारण. हवा कोरडी असते म्हणून माठातलं पाणी गार होतं, आणि त्याच हवेत कष्ट करणाऱ्याच्या अंगातलं पाणी कधी उडून गेलं ते कळतही नाही.

पण उष्णतेच्या लाटेची सरकारी व्याख्या बीडच्या माणसाला फारशी साथ देत नाही. मैदानी भागात पारा ४० च्या पुढे आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा सरळ ४५ झाला, तर लाट. तीही हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. आणि आपला उपविभाग म्हणजे सगळा मराठवाडा. मेमध्ये इथली सरासरीच चाळिशीत असते. त्यामुळे ४२-४३ अंशांचा दिवस कागदावर नेहमीचाच उन्हाळा ठरतो. शिवाय हे तापमान मोजतात कुठे? झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, सावलीत. रोजगार हमीवर खडी फोडणारी बाई त्या पेटीत उभी नसते. साखर कारखान्यांचे पट्टे पडले की ऊसतोडीला गेलेला कोयता परत येतो. सहा महिने उसाच्या फडात राबलेली ही माणसं गावी पोचतात ती ऐन उन्हात, आणि पोचल्यावर पहिलं काम पाणी आणायचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच जिल्ह्यात हातपंपावर पाणी भरता भरता एका बारा वर्षांच्या मुलीचा उष्माघातानं जीव गेला. ‘लाट जाहीर झाली का’ हा प्रश्न अशा ठिकाणी कामाचा नाही. पारा ४० ओलांडणार असं कळलं, की मजुरीची कामं सकाळी अकराच्या आत उरकली पाहिजेत आणि टँकर पहाटे आला पाहिजे.

त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, कारण लातूरला पाणी पुरवणारं केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. विभागानं तेव्हा १०६ टक्क्यांचा अंदाज दिला. देशात ९७ टक्केच झाला, म्हणजे आकडा फसला. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात मराठवाड्यात असा पाऊस झाला की मांजरा भरलं. २०१७ च्या अगदी उलट. २०२३ साली एल निनो होता आणि देशातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बीडच्या अकरापैकी वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई एवढेच तीन. २०२५ ला अंदाज आणि पाऊस दोन्ही शंभराच्या वर राहिले, आणि सप्टेंबरात सिंदफणा नदीच्या पुरानं उभं पीक नेलं.

म्हणून उन्हाळ्यातला अंदाज हाती आला की पावसाच्या टक्केवारीआधी धरणाचा साठा बघावा. माजलगाव धरणात पूर्ण भरल्यावर ४५४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं, त्यातलं १४२ मृतसाठा. साठा शून्य टक्के झाला म्हणजे धरण आटलं असं नाही. पण तिथून पुढचं पाणी कालव्यानं येत नाही, पंपानं उपसावं लागतं आणि ते पिण्यासाठीच राखावं लागतं. मोसमी वारे केरळात १ जूनला येतात ही सरासरी झाली. २०२५ ला ते २४ मे रोजी आले, २०२३ ला ८ जूनला. पंधरा दिवसांची ही तफावत ज्या गावानं पाण्याच्या हिशेबात धरली नाही, त्याचे हाल ठरलेले.

हवामान विभाग १८७५ सालचा. दीडशे वर्षांत उपग्रह आले, महसूल मंडळांत महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. परभणीच्या कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच दिवसांचा अंदाज आणि पीकसल्ला निघतो. पेरणाऱ्याच्या उपयोगाचा अंदाज तो हा, एप्रिलमधल्या टक्केवारीचा नव्हे. तो तालुक्यापर्यंत नेणारी जिल्हा कृषी हवामान केंद्रं मात्र २०२४ मध्ये बंद झाली. एवढ्या लहरी पावसाच्या जिल्ह्यात हे व्हायला नको होतं. ती पुन्हा सुरू करा, ही मागणी बीडमधून जोरात उठली पाहिजे. तोवर परभणीचा सल्ला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा, आणि त्याच्या शेजारी मंडळातल्या पावसाची रोजची बेरीज. ती ७५ ते १०० मिलिमीटरवर गेल्याशिवाय कपाशी-सोयाबीनची पिशवी फोडू नये, असं कृषी खातं सांगतं. वळवाच्या एखाद्या जोरदार सरीनं ढेकळं भिजली म्हणून तिफण जुंपली, तर दुबार पेरणीचं कर्ज डोक्यावर बसतं.