रक्तक्षय आणि अस्थिमज्जा



चेहरा निस्तेज झाला, जिना चढताना धाप लागली की घरोघरी 'अशक्तपणा आहे' असे म्हणून टॉनिकची बाटली आणली जाते. परंतु रक्तक्षय हा स्वतंत्र रोग नसून आतील बिघाडाची खूण आहे.

रक्तपेशी तयार होतात अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ गरात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. कच्चा माल अपुरा पडणे, पेशी अकाली नष्ट होणे वा रक्तस्रावात वाया जाणे, आणि मज्जाच बिघडणे, अशी रक्तक्षयाची मुख्य कारणे होत. सूत नसेल तर माग थांबतो आणि माग मोडला तर सूत असूनही कापड निघत नाही, हे सोलापूरकरांस सांगावयास नको.

लोह कमी पडले की पेशी लहान व फिक्या होतात. फॉलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले की त्या मोठ्या, पण अपक्व राहतात. डॉ. लुसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईत गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल.

शाकाहारी कुटुंबांनी ब-१२ कडे विशेष लक्ष द्यावे. धान्य, डाळी व भाज्यांतून ते मिळत नाही. दूध, दही, ताक हाच आहारातील आधार. कमतरता तीव्र झाल्यास तांबड्या, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स अशा तिन्ही घटतात आणि मज्जेच्या गंभीर रोगाचा भास होतो. प्रत्यक्षात असा रुग्ण ब-१२ च्या इंजेक्शनांनी बरा होतो. याउलट, अशा रुग्णाने केवळ फॉलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारते, पण चेतातंतूंची हानी चालूच राहते. हातापायांना मुंग्या येणे ही तिची सूचना होय. औषधातील ब-१२ सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून तयार होते. जिलेटिनची कॅप्सूल नको असल्यास तसे सांगून दुसरा प्रकार मागावा.

खऱ्या मज्जाविकारांत अप्लास्टिक रक्तक्षयात मज्जा ओस पडते. मायलोडिस्प्लास्टिक विकारात, बहुधा उतारवयात, सदोष पेशी तयार होतात. रक्ताच्या कर्करोगात विकृत पेशी मज्जेची जागा व्यापतात. वारंवार ताप, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त ही लक्षणे रक्तक्षयासोबत दिसल्यास विलंब करू नये. कंबरेच्या हाडातून मज्जेचा नमुना घेऊन निदान होते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले, तेव्हापासून देशात या उपचाराची वाट खुली झाली.

थॅलेसेमियात मात्र दोष आनुवंशिक असतो. तेथे तपासणीविना लोहाच्या गोळ्या घेणे अपायकारक ठरू शकते. विवाहापूर्वी वधूवरांनी हिमोग्लोबिनच्या प्रकारांची चाचणी करून घ्यावी.

हिमोग्लोबिन स्त्रियांत १२ व पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा कमी आढळल्यास आधी कारण शोधावे, मगच औषध घ्यावे. पत्रिकेइतक्याच आस्थेने रक्ताचा अहवाल पाहण्याची रीत घराघरांत रुजावी, हीच अपेक्षा.