थोटूक जातं कुठे?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही व्याख्याता नाही. रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. रूळ, खडी आणि गटारं हा माझा रोजचा विषय. पावसाळ्याआधी गटारं उपसताना गाळात एक वस्तू हमखास निघते, सिगारेटची थोटकं. काळी पडलेली, पण शाबूत. त्यातली काही माझीच असणार. पंधरा वर्षं ओढली आणि थोटूक नेमानं गटारात टाकलं. रस्त्यावर टाकत नाही, याचा वर अभिमान!

आपल्याला वाटतं, फिल्टर म्हणजे कापूस, कुजून जाईल. तो कापूस नव्हे. सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकचे हजारो बारीक तंतू असतात ते, वर्षानुवर्षं टिकणारे. धुरातलं जे विष फिल्टरनं अडवलं, ते त्यातच बसलेलं असतं. निकोटीन तर पूर्वी शेतात कीटकनाशक म्हणून फवारत. बर्लिनमध्ये २०१४ साली झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की पाऊस लागला की थोटकातलं निम्मं निकोटीन पहिल्या अर्ध्या तासातच पाण्यात उतरतं.

माझं आजोळ रत्नागिरीकडचं. ओहोटी लागली की मामी टोपली घेऊन खाडीत तिसऱ्या वेचायला जायची. आपल्यात विदर्भातली मंडळी जास्त, म्हणून सांगतो, तिसऱ्या म्हणजे खायचे लहान शिंपले. चिखलात बसून पाणी आत ओढायचं, त्यातलं अन्न ठेवून घ्यायचं, पाणी बाहेर सोडायचं, एवढाच त्यांचा संसार. घाण पाणी आलं तर मासा निदान पळ काढेल. शिंपला जाणार कुठे?

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ साली किनाऱ्यावरच्या खडकांत राहणाऱ्या तीन जातींच्या शंखगोगलगायी घेतल्या. लिटरला पाच या हिशेबानं थोटकं दोन तास पाण्यात भिजवली आणि त्या पाण्यात त्यांना सोडलं. आठ दिवसांत तिन्ही जातींतल्या सगळ्या मेल्या. पाणी पातळ केल्यावर परिणाम जातीनुसार कमी-जास्त झाला. त्याआधी २०११ साली अमेरिकेत माशांवर प्रयोग झाला होता. लिटरभर पाण्यात साधारण एक थोटूक, आणि चार दिवसांत निम्मे मासे मेले.

आता कोणी म्हणेल, भिलाईत समुद्र कुठला? बरोबर आहे. इथलं पाणी शिवनाथला, शिवनाथ महानदीला, आणि महानदी पारादीपजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत हिराकुड धरण आहे, थोटूक तिथे अडकेलही. पण विष तर पहिल्या पावसातच उतरलं, म्हणजे इथल्याच नाल्यात, इथल्याच तलावात. तिथेही शिंपले आहेत, आणि छत्तीसगढी घरांत आवडीनं शिजणारी घोंघी आहे. आमच्या गँगमधले लोक सुट्टीच्या दिवशी ती वेचून आणतात. हे वाचल्यापासून त्यांच्या पिशवीकडे बघताना मला मामीची टोपली आठवते आणि जरा ओशाळल्यासारखं होतं.

सरकारनं १ जुलै २०२२ पासून सिगारेटच्या पाकिटावरचं पातळ प्लास्टिक बंद केलं. आतला फिल्टर मात्र त्या यादीत आला नाही. वेष्टन बंद आणि माल चालू, हा हिशेब मला काही उमगलेला नाही. बिडीला फिल्टर नसतो हे खरं, पण म्हणून बिडीवाल्यांनी खूश होऊ नये, तंबाखू तीच आहे.

कोणाला सिगारेट सोडा म्हणायला मी उभा नाही. तो अधिकार घरच्या गृहमंत्र्यांचा, माझीही त्यांनीच सोडवली. फक्त मागच्या वर्षी मंडप उतरवताना मागच्या बाजूला अर्धं घमेलं थोटकं निघाली, आणि पलीकडेच नाली. म्हणून यंदा जनरेटरपाशी रंगाचा रिकामा डबा वाळू भरून ठेवला आहे. झाकणाचा आहे, पावसाचं पाणी आत जाणार नाही. थोटूक त्यात टाकायचं आणि झाकण परत लावायचं. डबा रोज रात्री मी स्वतः रिकामा करीन, आणि नालीत नाही, कचऱ्याच्या गाडीत.

गणपती बाप्पा मोरया!