कॉलेजची फी आणि मदतीचे अर्ज
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



समाजाच्या शैक्षणिक स्थितीवर बोला, असे मला सुचविण्यात आले होते. त्या विषयावर आपण पुष्कळ ऐकले आहे. न्यायमूर्ती सच्चर यांच्या समितीने २००६ साली अहवाल दिला, त्यात वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेले शेकडा चारही भरत नाहीत, असे नमूद केले होते. तो आकडा व्यासपीठावरून इतक्या वेळा सांगून झाला आहे की, ऐकणाऱ्याला त्याचे काही वाटेनासे झाले. म्हणून आज मी एका लहान, परंतु प्रत्येक घराला भिडणाऱ्या विषयावर बोलणार आहे. बारावी पास झालेल्या मुलाची वा मुलीची फी कोठून आणायची, हा तो विषय.

माझी नोकरीची सारी वर्षे कॉलेजच्या कार्यालयात, फीच्या खिडकीच्या आतल्या बाजूस गेली. त्या खिडकीतून मला जे दिसले ते असे: पैसा नाही म्हणून शिक्षण सुटलेली मुले होतीच, पण मदत उपलब्ध असताना एक कागद कमी पडला म्हणून शिक्षण सुटलेली मुलेही थोडीथोडकी नव्हती. पहिल्यांचे दुःख मोठे, दुसऱ्यांचे मात्र टाळता येण्यासारखे.

प्रथम फी म्हणजे काय ते समजून घ्या. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली. तोपर्यंत सरकारी आणि अनुदानित कॉलेजांची फी मध्यम घराला झेपत असे. नंतर आकडे वाढत गेले, देणग्यांचे प्रकार सुरू झाले, आणि १९८७ मध्ये राज्याला देणगीबंदीचा कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली प्रत्येक राज्यात फी ठरविणारी समिती नेमण्यास सांगितले. तो निकाल ज्या खटल्यात लागला तो 'इस्लामिक अकॅडमी ऑफ एज्युकेशन विरुद्ध कर्नाटक राज्य' या नावाने ओळखला जातो. पुढे महाराष्ट्राने २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा करून शुल्क नियामक प्राधिकरण स्थापन केले. खाजगी व्यावसायिक कॉलेजची मंजूर फी हे प्राधिकरण ठरविते आणि ती आपल्या संकेतस्थळावर जाहीर करते. तेव्हा कॉलेजात पाऊल ठेवण्यापूर्वी त्या कॉलेजचा मंजूर आकडा स्वतः पाहून घ्या. त्याहून जास्त कोणी मागितले तर पावती मागा. पावती मागितली की पुष्कळ मागण्या आपोआप विरघळतात, हा अनुभव आहे.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश दोन वाटांनी होतो. एक केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, जिला मुले 'कॅप राउंड' म्हणतात, आणि दुसरी व्यवस्थापनाच्या कोट्याची. जुलै महिन्यात घरोघरी घबराट असते. शेजारच्या मुलाचे झाले, आपले राहील, या भीतीने वडील घाईघाईने व्यवस्थापनाच्या कोट्यात पैसे भरून मोकळे होतात. त्यांना वाटते, शिष्यवृत्तीचे पुढे पाहू. परंतु राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांनाच मिळते. म्हणजे एका दिवसाच्या घाईने चारही वर्षांची सवलत जाते. थोडे कमी नावाचे कॉलेज कॅपमधून मिळत असेल आणि घरची स्थिती बेताची असेल, तर माझे स्पष्ट मत ते घ्यावे असे आहे. कॉलेजच्या नावापायी घर कर्जात घालू नये.

शाहू महाराजांच्या नावाची ही योजना सर्वसाधारण प्रवर्गासाठीही आहे, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. 'ते आपल्यासाठी नाही' असे ऐकीव गोष्टीवर ठरवून ते अर्जच करीत नाहीत. ज्या राजाने १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले, त्याच्या नावाच्या योजनेबद्दल आपण असा समज करून घ्यावा, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे, महाराष्ट्राचा अधिवास असावा, आणि एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळतो, या तिच्या मुख्य अटी. शिक्षण शुल्काचा निम्मा भाग तीतून सुटतो. मुलींच्या बाबतीत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून मोठा बदल झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, इतर मागासवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग यांतील, आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. वसतिगृह, पुस्तके आणि बस यांचा खर्च त्यात धरलेला नाही, तो घरालाच करावा लागेल. तरीही ज्या बापाने 'मुलीचे बारावीपर्यंत पुरे' असे फीकडे बघून ठरविले असेल, त्याला आता ते कारण देता येणार नाही. दुसरे कारण असेल तर ते त्याने मुलीला समोर बसवून सांगावे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची शुल्कमाफी योजनाही आहे. मंजूर जागांपेक्षा वेगळ्या, पाच टक्के जागा गुणवत्तेवर भरल्या जातात आणि त्यांना शिक्षण शुल्क लागत नाही. पसंतीक्रम भरताना या जागांचा संकेतांक वेगळा, शेवटी 'टी' अक्षर असलेला असतो. मुलाने तो भरलाच नाही, तर गुण असूनही ती जागा त्याला मिळत नाही. सायबर कॅफेवाल्याच्या हाती सारे सोपवून घरी येणाऱ्यांच्या बाबतीत हेच होते.

यानंतर कागदांकडे वळतो, आणि येथे थोडा जास्त वेळ घेणार आहे. आपल्या समाजाची खरी अडचण येथेच आहे.

पहिली अडचण नावाची. एकाच मुलाचे नाव दाखल्यावर 'महंमद', आधारवर 'मोहम्मद', बँकेत नुसते 'मो.' आणि गुणपत्रिकेवर 'मोहम्मेद' असते. 'शेख' हे आडनाव इंग्रजीत किती प्रकारे लिहिता येते ते आपण जाणताच, आणि एका घरातील तीन भावंडांची तीन स्पेलिंगे मी पाहिली आहेत. माणसाला हे एकच नाव दिसते. यंत्राला ती वेगळी माणसे वाटतात, आणि अर्ज परत येतो. दहावीचा परीक्षा अर्ज भरताना शाळेत जी यादी दाखवितात तिच्यावर डोळे मिटून सही करू नका. पुढे सारे त्या नावावर चालते. चूक त्या वेळी लक्षात आली तर मुख्याध्यापकांच्या पातळीवर काम होते. नंतर मंडळाकडे खेटे घालावे लागतात आणि कधी राजपत्रात जाहिरातही द्यावी लागते.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. मुसलमानांतील मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, खाटीक, फकीर अशा अनेक व्यावसायिक समाजांचा महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत समावेश आहे. परंतु दाखला काढायला गेले की १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या नोंदवहीचा उतारा काढला तर तेथे जातीच्या रकान्यात मास्तरांनी 'मुसलमान' एवढाच शब्द लिहिलेला! त्या काळी मास्तरांना तो पुरेसा वाटला, आणि आजोबांनाही. आज नातवाला तो अडतो. अशा वेळी निराश न होता शोध वाढवावा लागतो. चुलत आजोबा, आजोबांचे सख्खे भाऊ, पणजोबा यांच्यापैकी कोणाच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदीत, गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत (जिला गावात कोतवाल बुक म्हणतात), किंवा जमिनीच्या जुन्या दस्तात जातीचा उल्लेख सापडू शकतो. मग वंशावळ जोडून तो पुढे आणता येतो. हे काम आठ दिवसांचे नव्हे. जुन्या नोंदी मोडीत असल्या तर जाणकाराकडून वाचून घ्याव्या लागतात. त्यानंतर जात पडताळणी, आणि नॉन-क्रिमिलेअरचे प्रमाणपत्र. यास्तव मूल आठवी-नववीत असतानाच हा शोध सुरू करावा, असे माझे सांगणे आहे. बारावीच्या निकालानंतर तहसील कचेरीत जी गर्दी होते तीत उभे राहून हे साधत नाही.

जे या यादीत येत नाहीत त्यांनी हात चोळत बसू नये. २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्के आरक्षण आहे, आणि ते धर्म पाहून दिलेले नाही. इतर कोणत्याही आरक्षणात न येणाऱ्या मुसलमान कुटुंबाला त्याचे प्रमाणपत्र मिळू शकते.

तिसरी बाब उत्पन्नाच्या दाखल्याची. नोकरदाराला फॉर्म १६ दाखविता येतो. हातगाडी, गॅरेज, मासळी, शिवणकाम यांवर घर चालविणाऱ्याला तलाठ्याचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र यांवर तहसीलदारांचा दाखला मिळतो. ज्यांचे कोणी आखातात आहे त्यांना मी हात जोडून सांगतो, तेथील कमाई लपवून दाखला काढू नका. खोट्या घोषणेवर मिळालेली रक्कम परत करावी लागते, गुन्हाही दाखल होऊ शकतो, आणि त्या कागदावर मुलाचे नाव असते. आपल्या मुलाच्या पहिल्या सरकारी कागदावर खोटे लिहिण्यापेक्षा हप्त्याने फी भरण्याची विनंती करणे चांगले. अनेक प्राचार्य ती लेखी अर्जावर मान्य करतात. तोंडी विनंतीची मात्र कोठे नोंद राहत नाही.

अल्पसंख्याकांसाठीच्या स्वतंत्र शिष्यवृत्त्यांबद्दल मला प्रत्येक सभेत विचारतात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती थांबविली, संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी बंद झाली. तेव्हा मागील पिढीच्या माहितीवर विसंबू नका. कोणती योजना चालू आहे ते दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर व राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर स्वतः पाहा. महाडीबीटीवर उच्च शिक्षणासाठी राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही असते. एकाच फीसाठी दोन योजनांचा लाभ घेता येत नाही, म्हणून दोन्हींच्या रकमा शेजारी मांडून जी अधिक ती निवडावी.

आता कर्जाविषयी. बँका चार लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय देतात. हप्ते अभ्यासक्रम संपून साधारण एक वर्ष झाल्यावर सुरू होतात. पण हप्ते थांबलेले असले तरी व्याज थांबलेले नसते, हे कागदावर मांडून पाहा. चार वर्षे दरवर्षी आरंभी पंचाहत्तर हजार उचलले आणि व्याज सरळ दहा टक्के धरले, तर पाचव्या वर्षाअखेर तीन लाखांवर १ लाख ५ हजार व्याज चढलेले असते. पुढे दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिना सुमारे ५,३५० रुपये हप्ता बसतो. नव्याने नोकरीस लागणाऱ्याचा पगार किती असेल, त्याचा विचार त्या वेळी नव्हे, आज करावयाचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. मात्र ती राष्ट्रीय क्रमवारीत निवडलेल्या संस्थांपुरतीच आहे. आपले कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी पाहा.

व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू इच्छिणारी घरे आपल्यात आहेत. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो, आणि तो प्रश्न प्रत्येकाने आपल्या जाणत्यांना विचारून सोडवावा. व्यवहारापुरते एवढेच सांगतो की, अशा घरांनी शिष्यवृत्तीचे अर्ज इतरांपेक्षा दुप्पट काळजीने भरले पाहिजेत, कारण त्यांना मागे आधार कमी आहे. तसेच समाजातील सधन मंडळींनी जकात आणि कर्जे-हसना देताना सारी रक्कम रमजानमध्ये धान्य आणि कपड्यांत संपवू नये. फीची वेळ जुलै-ऑगस्टमध्ये येते आणि तेव्हा आपल्या पेट्या रिकाम्या असतात. काही रक्कम त्या महिन्यांसाठी राखून ठेवली आणि ती परत करणाऱ्या पदवीधराकडून पुढच्या मुलास दिली, तर तोच पैसा तीन-चार वेळा फिरतो.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटच्या दोन-तीन सूचना तुम्हाला. आधारशी जोडलेले बँक खाते तुमच्या स्वतःच्या नावाचे असू द्या आणि ते चालू ठेवा. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणे वेगळे आणि सरकारी रक्कम ज्या खात्यात यायची म्हणून नोंद झाली ते खाते वेगळे असू शकते. बँकेत जाऊन हे स्पष्ट विचारा. नोंदणीचा मोबाईल क्रमांक दुकानदाराचा किंवा मित्राचा देऊ नका. अर्ज भरल्यावर काम संपले असे समजू नका, तो कॉलेजच्या टेबलावर अडला आहे की पुढे गेला, ते दर आठवड्याला पोर्टलवर पाहा. त्रुटी काढून परत आला असेल तर मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज नव्याने करावा लागतो, आणि पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी गमावणारी मुले मी बहुतेक याच एका कारणाने पाहिली. अर्जाची छापील प्रत, फीच्या पावत्या आणि उत्पन्नाचा दाखला एका फाईलमध्ये लावून घरी ठेवा. ज्यांना फाईल लावून हवी असेल त्यांनी आज सभा संपल्यावर कागद घेऊन बाहेरच्या टेबलावर यावे, मी तेथे संध्याकाळपर्यंत बसलेलो आहे.