सचीनचे सिद्दी आणि गाळलेलं नाव

मुंबईहून सुरतेला येणारी गाडी नवसारी सोडते, मरोली मागे पडतं आणि सचीन येतं. मग भेस्तान, उधना, सुरत. सचीन म्हटलं की सुरतेतल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती जीआयडीसी. डाइंगचे कारखाने, यंत्रमागांची खडखड, दिवसपाळी आणि रातपाळी. धुळे-जळगावकडून ताप्तीच्या रेल्वेने आलेली हजारो कुटुंबं लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत राहतात आणि त्यांच्यातले कितीतरी जण रोज या सचीनला कामाला जातात. हे सचीन १९४८ च्या मार्चपर्यंत एक संस्थान होतं. त्याचे नवाब आफ्रिकी वंशाचे होते. आणि ते इथे आले होते कोकणातून, मुरुडच्या जंजिऱ्याहून.

जंजिऱ्याचे सिद्दी मराठी घरात सगळ्यांना ठाऊक असतात, पण इतिहासाच्या पुस्तकात ते कायम शत्रूच्या बाजूला उभे असतात. हल्ला करतात, वेढा घालतात आणि पान उलटलं की नाहीसे होतात. त्यांची घरं, लग्नं, मुलंबाळं, भाऊबंदकी यांचं काय झालं, हे पुढच्या पानावर कधी येत नाही. सुरतेशी त्यांचं नातं तर फार जुनं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगजेबाने जंजिऱ्याच्या सिद्दींना मोगली आरमाराचं काम दिलं आणि त्याचा खर्च सुरतेच्या महसुलातून द्यायची व्यवस्था केली. पुढे सुरतेचा किल्लाच सिद्दींच्या हाती गेला. १७५९ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा त्यांना किल्ल्यातून सिद्दींनाच बाहेर काढावं लागलं.

सचीनची गोष्ट त्यानंतरची, आणि ती निव्वळ भाऊबंदकीची आहे. १७८४ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी अब्दुल रहीम वारला. त्याचा मुलगा अब्दुल करीम, ज्याला सगळे बाळूमियाँ म्हणत, गादीवर यायचा. पण सिद्दी जौहर नावाच्या दुसऱ्याच सरदाराने किल्ला बळकावला. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर तो हा नव्हे; त्याला तोवर सव्वाशे वर्षं होऊन गेली होती. बाळूमियाँने पुणं गाठलं. जंजिरा घ्यायची पेशव्यांची हौस जुनीच. १७९१ मध्ये करार झाला: बाळूमियाँने जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना लिहून द्यायचा आणि पेशव्यांनी त्याला सुरतेजवळ वर्षाला पंचाहत्तर हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यायचा. बाळूमियाँला सचीन मिळालं. पेशव्यांना जंजिरा शेवटपर्यंत मिळाला नाही. पुण्याच्या मुत्सद्द्यांना या व्यवहारात बाळूमियाँने चांगलंच गुंडाळलं, असं म्हणायला हरकत नाही.

आता प्रश्न असा, की या घराण्याचं आडनाव काय? सचीनच्या नवाबांच्या नावांत ‘याकूतखान’ पुन्हापुन्हा येतं आणि परक्या माणसाला ते आडनावच वाटतं. प्रत्यक्षात तो मोगली किताब. सिद्दी कासीमला तो औरंगजेबाच्या दरबारातून मिळाला आणि नंतर सोयीने नावामागे चालू राहिला. शिवाय जंजिऱ्याची गादी बापाकडून मुलाकडे जाईलच असा जुना नियम नव्हता. सिद्दी सरदार आपल्यातल्या कर्त्या माणसाला पुढे करत. म्हणजे एका याकूतखानानंतर दुसरा याकूतखान सापडला, तरी तो पहिल्याचा मुलगा असेलच असं नाही. मुरुडजवळ खोकरीला सिद्दी सरदारांचे दगडी घुमट आहेत, त्यांवर अरबी लेख आहेत, हिजरी सनही आहेत. वंशावळ मांडायला निघालेला माणूस तिथे उभा राहिला तर त्याला मृत्यूचं साल मिळतं. नातं मात्र दुसरीकडून सिद्ध करावं लागतं.

दुसरीकडून म्हणजे कुठून? जगात अनेक ठिकाणी याचं पहिलं उत्तर असतं: जुनी जनगणना काढा. इंग्लंडमध्ये १९२१ च्या जनगणनेचे मूळ कागद शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये खुले झाले. अमेरिका बहात्तर वर्षं थांबते, कॅनडा ब्याण्णव. कुणाचाही पणजा कोणत्या घरात, कुणाबरोबर, काय धंदा करून राहत होता, हे नावानिशी वाचता येतं. कॅनडाच्या ईशान्येला लॅब्राडोरचा किनारा आहे. तिथे इनुइट लोक आणि युरोपातून आलेले मासेमार, व्यापारी यांच्या लग्नांतून जन्मलेली मिश्र घराणी आहेत. न्यू फाउंडलंडची १९३५ आणि १९४५ ची नावनिशीवार जनगणना आणि मोरेव्हियन मिशनऱ्यांच्या चर्चमधल्या जुन्या वह्या जुळवून ही माणसं आपल्या आज्या-पणज्या शोधतात. तिथेही सगळं सुरळीत होतं असं नाही. कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या इनुइटांमध्ये आडनावाची पद्धतच नव्हती. सरकारी कारकुनांची अडचण झाली, तेव्हा १९४१ पासून माणसामाणसाला एकेक नंबर दिला गेला. नाण्याएवढी गोल चकती, तिच्यावर पूर्वेकडच्यांना ‘ई’ आणि पश्चिमेकडच्यांना ‘डब्ल्यू’, पुढे आकडा. पुढे १९६८ ते १९७१ या काळात एब ओकपिक या इनुइट माणसानेच वस्तीवस्तीवर फिरून लोकांना आडनावं निवडायला सांगितली. त्याचा स्वतःचा नंबर होता डब्ल्यू ३-५५४.

सुरतेच्या सिद्दी घराला, किंवा कुठल्याही घराला, हा रस्ता बंद आहे. आपल्याकडे जनगणनेला कारकून काही कमी नव्हते. मुंबई इलाख्यात पहिली मोठी शिरगणती १८७२ मध्ये झाली, देशभर एकाच वेळी १८८१ मध्ये, आणि १ मार्च १९०१ च्या रात्री सुरत शहरात १,१९,३०६ माणसं मोजली गेली. प्रत्येकाचं नाव विचारलं गेलं, पत्रकात नावासाठी रकाना होता. पण त्यानंतर काय झालं ते पाहण्यासारखं आहे. १९०१ मध्ये चिठ्ठ्यांची नवी पद्धत आली. पत्रकावरून प्रत्येक माणसाची माहिती एका लहान चिठ्ठीवर उतरवायची. चिठ्ठीचा रंग धर्मावरून ठरलेला, बाई की पुरुष ते खुणेने दाखवलेलं. जात, वय, भाषा, धंदा लिहायचं. मग टपाल कचेरीत पत्रं लावतात तशा त्या चिठ्ठ्या कप्प्यांत लावून मोजायच्या. नाव या चिठ्ठीवर येतच नसे. मोजणीला त्याचा उपयोग काय? आकडे छापून आले की पत्रकं रद्दीत. सुरतेच्या त्या १,१९,३०६ माणसांचा धर्म, वय, धंदा आज ग्रंथालयात कोष्टकांत वाचता येतो. त्यातल्या एकाचंही नाव मिळत नाही.

बायकांच्या बाबतीत तर नाव पत्रकावरही आलं नसेल. मोजणीदारांना तशी सूचनाच होती: घरच्यांनी बाईचं नाव सांगायला हरकत घेतली तर वाद घालू नका, नुसतं ‘स्त्री’ लिहा. मिश्र घराण्यांत शोध बहुधा बाईपाशीच अडतो, म्हणून ही सूचना जास्त बोचते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेच्या वखारीतही हेच दिसतं. विल्यम हॉकिन्स १६०८ च्या ऑगस्टमध्ये ‘हेक्टर’ जहाजातून सुरतेला आला. जहांगीरच्या दरबारात त्याचं एका आर्मेनियन ख्रिस्ती मुलीशी, मरियमशी, लग्न झालं. विलायतेला परतताना हॉकिन्स वाटेतच गेला. मरियमने कंपनीच्याच गेब्रिएल टॉवर्सनशी लग्न केलं आणि पुन्हा हिंदुस्थानात आली. टॉवर्सन पुढे अंबोयनाला गेला आणि तिथे १६२३ मध्ये डचांनी त्याला ठार केलं. मरियम आग्र्याला राहिली. कंपनीच्या कागदांत ती आधी मिसेस हॉकिन्स, मग मिसेस टॉवर्सन. कंपनीला नाव ठेवावं तरी कसं? तिला हिशेब ठेवायचा होता आपल्या माणसांचा. आणि मिश्र मुलं आपली माणसं नाहीत, हे कंपनीने १७९१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे बाळूमियाँचा करार झाला त्याच वर्षी, लेखी ठरवून टाकलं: आई किंवा बाप देशी असलेल्या मुलाला कंपनीच्या मुलकी, लष्करी वा आरमारी नोकरीत घेऊ नये. तेव्हापासून कित्येक घरांत आईचं नाव दडवण्यात फायदा होता.

सिद्दींकडे परत येऊ. पश्चिम किनाऱ्यावरच्या आफ्रिकी वंशाच्या माणसांची आडनावं एकत्र मांडली, तर ती कुणी दिली हे लगेच कळतं. उत्तर कन्नडच्या जंगलातल्या ख्रिस्ती सिद्दींमध्ये फर्नांडिस आणि डिसोझा आहेत. गोव्याच्या पोर्तुगीज घरांत बाप्तिस्म्याबरोबर आलेली ही नावं. गीरच्या जांबूर गावच्या हीराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि लोबी हे नाव गुजरातेत घरोघरी ऐकू आलं. बाकी पुष्कळांच्या शाळेच्या दाखल्यावर जमातीचं नावच, ‘सिद्दी’, आडनाव म्हणून बसलेलं दिसतं.

आपल्या नाशिकमध्ये तर याहून नवलाची गोष्ट घडली. नाशिकचा शरणपूर रोड माहीत नसलेला मराठी माणूस विरळा. तिथे १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने वसाहत उभारली. गुलामांची ने-आण करणारी अरबी गलबतं इंग्रज आरमार पकडत असे आणि त्यांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला आणली जात. त्यातली काही शरणपूरला आली. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकली आणि तिथेच त्यांना नवी नावं मिळाली. याओ जमातीतला चेंगविंबे हा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. जेकब वेनराइट नावाचा दुसरा मुलगा डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शोधाला गेलेल्या तुकडीत होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचं शव समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला वेनराइट होता आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता.  शरणपूरची बरीच मंडळी नंतर मोंबासाजवळच्या फ्रेअरटाऊनला गेली. मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर याच्या नावाचं ते गाव. तिथले लोक या मंडळींना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.

सुरतेतही अगदी अलीकडच्या काळात असा एक धागा अर्ध्यावर तुटलेला आहे, आणि तो चित्रपटांच्या शौकिनांना रस वाटेल असा आहे. फातिमा बेगम ही हिंदुस्थानातली पहिली स्त्री दिग्दर्शक. तिचा ‘बुलबुले परिस्तान’ १९२६ चा. तिच्या मुली सुलताना, जुबेदा आणि शहजादी या तिघी पडद्यावर आल्या आणि १४ मार्च १९३१ ला मुंबईत लागलेल्या ‘आलम आरा’ची नायिका जुबेदाच. जुबेदा जन्मली सुरतेत. तिचे वडील सचीनचे नवाब तिसरे इब्राहिम मुहम्मद याकूतखान, असं बहुतेक चरित्रांत लिहिलेलं असतं. पण फातिमा बेगमशी नवाबांचा निकाह झाल्याचा करार किंवा नवाबांनी या मुलींना आपल्या म्हणून मान्यता दिल्याचा कागद पुढे आलेला नाही. श्रेयनामावलीत त्या नुसत्या सुलताना, जुबेदा, शहजादी. पुढे-मागे काही नाही.

तरीही शोधणाऱ्याने हातपाय गाळायचं कारण नाही. मात्र आडनावाचं बोट सोडून गावाचं धरावं लागतं. सचीनच्या घराण्यासाठी पुण्याच्या पेशवे दफ्तरात शिरावं लागतं, म्हणजे मोडी यायला हवी. गोऱ्या-देशी कुटुंबांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला आहेत. साध्या सिद्दी कुटुंबासाठी भरुच जिल्ह्यात रतनपूरजवळचा बावागोरचा दर्गा आहे. अकीकाच्या खाणींशेजारच्या त्या टेकडीवर उरुसाला ठिकठिकाणचे सिद्दी जमतात, धमाल नाचतात, आणि कोण कुणाचा कोण हे तिथल्या म्हाताऱ्या बायका कागदाशिवाय सांगतात. ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्याजवळ बसणारे फार थोडे आहेत.

एका यादीबद्दल मात्र सांगायला हवं. गुजरातेत सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, पण तो अमरेली, भावनगर, जामनगर, जुनागढ, राजकोट आणि सुरेंद्रनगर या जिल्ह्यांपुरता. सुरत त्यात नाही, भरुचही नाही. त्यामुळे २०११ च्या जनगणनेत गुजरातेत सिद्दी साडेआठ हजारांहून थोडे जास्त दिसतात, त्यांत सुरतेची घरं शोधून सापडायची नाहीत. जिथे सिद्दींनी किल्ला राखला, आरमार चालवलं आणि दीडशे वर्षांहून जास्त संस्थान सांभाळलं, तो हा जिल्हा.

२०२७ च्या जनगणनेत प्रत्येकाची जात विचारली जाणार आहे. इतकी सविस्तर विचारणा १९३१ नंतर पहिल्यांदाच. माहिती या वेळी मोबाइलवर भरली जाईल, रंगीत चिठ्ठ्यांचा प्रश्न नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याचं पंधरावं कलम मात्र आहे तसंच आहे. त्यानुसार जनगणनेची मूळ पत्रकं कुणालाही पाहायला मिळत नाहीत, त्यांत ज्याचं नाव आहे त्याच्या नातवंडांनाही नाही.